जनादेश मोठा, वाट अरुंद

श्रीलंकेत २१ सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. त्या विजयाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी झाली. ते डाव्या विचारांचे आहेत, हे एक. आणि ते भारताकडे झुकतील की चीनकडे, हे दुसरे. हे दोन्ही प्रश्न गैरलागू आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु श्रीलंकेच्या सामान्य नागरिकाच्या दृष्टीने ते दुय्यम होत. ज्याच्या हाती जनतेने मोठी सत्ता दिली, पण ज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या आधीच सावकारांपाशी गहाण पडल्या आहेत, त्या राज्यकर्त्याने राज्य करावयाचे कसे, हा तेथील मूळ प्रश्न आहे. श्रीलंकेपुरता तो मर्यादित नाही, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा.

विजयाचे स्वरूप प्रथम लक्षात घेतले पाहिजे. २०१९ च्या निवडणुकीत याच दिसानायके यांना जेमतेम तीन टक्के मते मिळाली होती. पाच वर्षांनंतर ती ४२ टक्क्यांवर गेली. निम्म्याहून अधिक मते कोणासच न मिळाल्यामुळे त्या देशाच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली, आणि त्यानंतर त्यांची निवड जाहीर झाली. म्हणजे हा कौल उत्साहाचा होता, तसाच सावधगिरीचाही होता. मात्र १४ नोव्हेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत ही सावधगिरी मतदारांनी बाजूस ठेवली. मावळत्या संसदेत ज्या आघाडीचे अवघे तीन सभासद होते, त्या ‘नॅशनल पीपल्स पॉवर’ला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. दोनतृतीयांशांहूनही अधिक! तमिळबहुल जाफना जिल्ह्यातदेखील सहापैकी तीन जागा त्या आघाडीकडे गेल्या. ज्या ‘जनता विमुक्ती पेरमुना’ने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते १९८९ या काळात सशस्त्र उठाव केले, आणि ज्या पक्षाने भारत-श्रीलंका कराराला कडवा विरोध केला, त्या पक्षाचा नेता मतपेटीच्या मार्गाने या पदावर बसावा, ही लोकशाहीच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे.

दिवाळखोरीचा वारसा

हा कौल मिळाला कशामुळे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २०१९ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने निवडणुकीतील आश्वासनाप्रमाणे करांत मोठी कपात केली. मूल्यवर्धित कराचा दर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. मागोमाग कोविडची साथ आली आणि पर्यटकांचे येणे थांबले. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घालण्यात आली आणि शेती कोलमडली. डॉलरमध्ये घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र थांबणारे नव्हते. १२ एप्रिल २०२२ रोजी परकीय कर्जाची फेड स्थगित केल्याचे सरकारने जाहीर केले. वापरता येईल अशी परकीय चलनाची गंगाजळी त्या सुमारास जवळजवळ शून्यावर आली होती. पेट्रोलसाठी दिवसच्या दिवस रांगा लागल्या, वीज तासन्‌तास जाऊ लागली, औषधे मिळेनाशी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा वार्षिक दर ७० टक्क्यांच्या घरात पोहोचला. तत्पूर्वीच, ९ जुलै रोजी संतप्त जनसमुदाय राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला होता आणि काही दिवसांतच गोटाबाया देश सोडून गेले होते.

त्यांच्या जागी संसदेने निवडलेल्या रनिल विक्रमसिंघे यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. मार्च २०२३ मध्ये चार वर्षांसाठी सुमारे तीन अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर झाले. अटी अर्थातच होत्या. कर वाढवावयाचे, विजेचे दर उत्पादनखर्चाशी निगडित ठेवावयाचे, आणि २०२५ पासून राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.३ टक्के इतके ‘प्राथमिक आधिक्य’ अंदाजपत्रकात दाखवावयाचे. प्राथमिक आधिक्य म्हणजे, व्याजाचा खर्च बाजूला ठेवला असता सरकारच्या जमेतून खर्च वजा जाता उरणारी शिल्लक. ही संज्ञा रुक्ष वाटते. परंतु तिच्यात एका राष्ट्राचे भवितव्य सामावलेले आहे. आधी सावकारासाठी शिल्लक काढा, मग शाळा, दवाखाने आणि रस्ते यांचा विचार करा, हा तिचा व्यवहारातील अर्थ.

मतदानाच्या दोन दिवस आधी

येथे एक तपशील मोठा बोलका आहे. आंतरराष्ट्रीय रोखेधारकांशी सुमारे साडेबारा अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांबाबत तत्त्वतः समझोता झाल्याचे १९ सप्टेंबर २०२४ रोजी जाहीर झाले. मतदान २१ तारखेला होते! निवडणूक प्रचारात दिसानायके यांनी नाणेनिधीच्या कार्यक्रमाचा फेरविचार करण्याची भाषा केली होती. निवडून आल्यानंतर दोनच आठवड्यांत त्यांच्या सरकारने हा समझोता मान्य केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये रोख्यांची अदलाबदल पूर्ण झाली. कार्यक्रमाची चौकट जशीच्या तशी राहिली.

यास विश्वासघात म्हणावे काय? त्यांच्या काही जुन्या सहप्रवाशांना तसे वाटले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु थंड डोक्याने विचार केल्यास नव्या राष्ट्राध्यक्षांपुढे पर्याय कोणते होते, हे पाहिले पाहिजे. समझोता मोडला असता तर रोखेधारकांशी वाटाघाटी पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या असत्या. नाणेनिधीचा पुढील हप्ता अडकला असता. आणि नुकताच सावरू लागलेला रुपया पुन्हा घसरला असता. इंधन, औषधे आणि गहू आयात करणाऱ्या देशात रुपया घसरला की त्याची पहिली झळ गरिबाच्या चुलीला लागते. सावकाराला धडा शिकवावयाचा आणि त्याची किंमत मजुराने मोजावयाची, हे कोणत्याच डाव्या तत्त्वज्ञानात बसणारे नाही. तेव्हा चौकट स्वीकारण्याचा निर्णय योग्यच होता, असे आमचे मत आहे.

परंतु चौकट स्वीकारली म्हणजे राज्यकर्त्याचे काम संपले, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. कर्ज किती फेडावयाचे हे करारात ठरते. ते कोणाच्या खिशातून फेडावयाचे, हे बहुतांशी सरकार ठरवते. नव्या राष्ट्राध्यक्षांची परीक्षा या दुसऱ्या प्रश्नात आहे.

बोजा कोणाच्या खांद्यावर?

मागील सरकारने हा बोजा कसा वाटला, त्याचे एक उदाहरण आपल्या नोकरदार वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना करण्यात आली. त्यात बँकांकडील सरकारी रोख्यांना हात लावला गेला नाही; भार पडला तो मुख्यतः कामगार-कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीवर. या निधींनी जुने रोखे देऊन कमी व्याजाचे नवे रोखे घ्यावेत, अन्यथा वाढीव कर सोसावा, असा तो पेच होता. बँका कोसळू नयेत हा त्यामागील युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नव्हता. तरीसुद्धा, ज्यांनी पगारातून दरमहा पै-पै साठवली त्यांच्या म्हातारपणाच्या शिदोरीतून राष्ट्राच्या चुकांची भरपाई झाली, ही वस्तुस्थिती उरतेच.

करांचीही तीच कथा. मूल्यवर्धित कर टप्प्याटप्प्याने वाढवत जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्क्यांवर नेण्यात आला. अप्रत्यक्ष कराचे वैशिष्ट्य असे की, तो भरताना श्रीमंत आणि गरीब यांत भेद राहत नाही. हिऱ्यामोत्यांचा व्यापारी आणि चहामळ्यातील मजूर स्त्री, दोघेही साबणाच्या वडीवर सारखाच कर देतात. परंतु एकाच्या उत्पन्नात तो दिसतही नाही आणि दुसरीच्या उत्पन्नाला भोक पाडतो. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०१९ नंतरच्या चार-पाच वर्षांत श्रीलंकेतील दारिद्र्याचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढून लोकसंख्येच्या सुमारे एकचतुर्थांशावर गेले. महागाईचा दर नंतर उतरला. सप्टेंबर २०२४ मध्ये तर तो शून्याखाली गेला. परंतु महागाईचा दर उतरणे आणि भाव उतरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो. भाववाढ थांबली, वाढलेले भाव खाली आले नाहीत आणि पगार तेथवर पोहोचले नाहीत. त्यामुळेच २०२२ या एका वर्षात तीन लाखांहून अधिक लोक नोकरीसाठी देशाबाहेर गेले. त्यांच्याबरोबर डॉक्टर, अभियंते आणि संगणकतज्ज्ञही गेले. राष्ट्राची ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसानायके यांनी अर्थमंत्री या नात्याने आपले पहिले पूर्ण अंदाजपत्रक मांडले. सरकारी कर्मचाऱ्यांचे किमान मूळ वेतन दरमहा २४,२५० रुपयांवरून ४०,००० रुपयांवर टप्प्याटप्प्याने नेण्याची घोषणा त्यात होती. प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा दरमहा एक लाखावरून दीड लाखावर नेण्यात आली. प्राथमिक आधिक्याचे लक्ष्य न मोडता हे करण्यात आले, ही गोष्ट प्रशंसनीय आहे. मात्र यासाठी पैसा आला कोठून, हेही पाहिले पाहिजे. २०२० पासून बंद असलेली मोटारींची आयात याच सुमारास खुली करण्यात आली आणि तिच्यावर जबर कर बसवण्यात आले. २०२५ मध्ये सरकारी महसुलात जी भर पडली, तिचा मोठा वाटा या मोटारींचा होता. म्हणजे ज्या डॉलरच्या टंचाईने देश बुडाला, तेच डॉलर खर्चून रुपयांत महसूल मिळवण्याचा हा प्रकार! साचलेली मागणी एकदाच पुरी होते. त्यानंतर काय? मालमत्ता, मोठी उत्पन्ने आणि करचुकवेगिरी यांच्याकडे प्राप्तिखात्याची नजर वळल्यावाचून हा प्रश्न सुटणार नाही. आणि ती वळवण्याचे राजकीय बळ त्या देशात कोणापाशी असेल, तर ते ज्याला बड्या घराण्यांचे देणे लागत नाही अशा या सरकारपाशीच आहे.

आपली १९९१ ची आठवण

हे वाचताना भारतीय वाचकाला १९९१ चे वर्ष आठवल्यावाचून राहणार नाही. त्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गहाण ठेवण्यासाठी रवाना झाले होते. आपली गंगाजळी तेव्हा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. नाणेनिधीच्या अटी आपल्यालाही होत्या. नरसिंह राव यांच्या सरकारपाशी तर बहुमतही नव्हते. परंतु दोन फरक विसरता कामा नयेत. एक, भारताने कर्जफेड थांबवली नाही. सोने गेले, पण पत राहिली. दुसरा अधिक महत्त्वाचा: आपले परकीय कर्ज बव्हंशी सरकारे आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांचे होते, तर श्रीलंकेने २००७ पासून खुल्या बाजारात चढ्या व्याजाचे रोखे विकून कर्ज उभारले. सरकारी सावकाराशी बोलता येते. हजारो अनामिक रोखेधारकांशी बोलावयाचे तर त्यांच्या वकिलांशीच बोलावे लागते. २०२२ मध्ये भारताने जे सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य तातडीने दिले, त्याचे मोल यासाठीच मोठे. नव्या राष्ट्राध्यक्षांनी डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्या परदेशवारीसाठी दिल्लीची निवड केली, यात ही जाणीव असावी.

संकटे मात्र अंदाजपत्रक पाहून येत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने श्रीलंकेच्या मालावर ४४ टक्के आयातशुल्क जाहीर केले. पुढे ऑगस्टमध्ये ते २० टक्क्यांवर आले, तरी तयार कपड्यांच्या धंद्याची झोप उडाली. आणि नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ‘दित्वा’ चक्रीवादळाने सहाशेहून अधिक बळी घेतले. डोंगराळ भागातील वस्त्या दरडींखाली गाडल्या गेल्या. घरे बांधावयाची की प्राथमिक आधिक्य राखावयाचे? परकीय सरकारांच्या कर्जाच्या मुद्दलाची फेड २०२८ पासून सुरू व्हावयाची आहे. तोवर मिळालेली उसंत ही विश्रांतीसाठी नाही, तयारीसाठी आहे. आणि तिच्यातील मोठा तुकडा या वादळाने खाल्ला. कर्जाच्या पुनर्रचनेत नैसर्गिक आपत्तीसाठी पुरेशी सवलत असली पाहिजे, हा मुद्दा अशा वेळी केवळ पंडितांचा राहत नाही.

मोठ्या बहुमताचा जुना अनुभव

आतापर्यंत अर्थकारणाविषयी लिहिले. परंतु या राष्ट्राध्यक्षांपुढील सर्वांत अवघड कसोटी, आमच्या मते, तिजोरीत नाही. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत आहे.

श्रीलंकेच्या जनतेने यापूर्वीही प्रचंड बहुमते दिलेली आहेत. १९७० मध्ये सिरिमावो बंदरनायके यांना ते मिळाले. पुढे १९७२ ची राज्यघटना आली, आणि तिच्या आधारे त्याच संसदेची मुदत दोन वर्षांनी लांबली. १९७७ मध्ये ज्युनिअस जयवर्धने यांना पाचषष्ठांश बहुमत मिळाले. त्यांनी १९७८ ची घटना आणून सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्षपद निर्माण केले आणि १९८२ मध्ये निवडणुकीऐवजी सार्वमत घेऊन संसदेची मुदत आणखी सहा वर्षांनी वाढवली. २०१० नंतर महिंदा राजपक्षे यांनी अठराव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादाच काढून टाकली. २०२० मध्ये गोटाबाया यांनी विसाव्या दुरुस्तीने मधल्या काळात कमी झालेले अधिकार परत मिळवले. आणि ज्या खतबंदीने देश उपाशी राहिला, तिला रोखू शकेल असा आवाज मग शासनात उरला नाही. प्रत्येक वेळी बहुमत मिळाले ते परिवर्तनासाठी. वापरले गेले ते सत्ता घट्ट करण्यासाठी.

दिसानायके यांच्या आघाडीने सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्षपद रद्द करण्याचे, १९७९ चा दहशतवाद प्रतिबंधक कायदा मागे घेण्याचे आणि रखडलेल्या प्रांतिक परिषदांच्या निवडणुका घेण्याचे आश्वासन दिले होते. माजी राष्ट्राध्यक्षांच्या सवलती काढून घेणारा कायदा सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. रनिल विक्रमसिंघे यांच्यासारख्या माजी राष्ट्राध्यक्षाला सरकारी पैशाच्या गैरवापराच्या आरोपावरून ऑगस्ट २०२५ मध्ये अटकही झाली. लोकांना हे रुचले यात नवल नाही. पण ही सारी दुसऱ्याच्या अधिकारांवरील कात्री होती. स्वतःच्या अधिकारांना लावावयाची कात्री मात्र २०२५ संपेपर्यंत म्यानातच राहिली. राष्ट्राध्यक्षपदाची रचना बदलली नव्हती, तो कायदा अद्याप अमलात होता आणि प्रांतिक परिषदांच्या निवडणुका २०१४ नंतर झालेल्या नव्हत्या. जाफन्याच्या मतदाराने पहिल्यांदाच दक्षिणेतल्या एका पक्षावर जो विश्वास टाकला, त्याचे उत्तर त्याला याच तीन गोष्टींतून मिळावयाचे आहे. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत सत्तारूढ आघाडीची मते ६१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर आली. ही सूचना पुरेशी स्पष्ट आहे.

यावर असे उत्तर दिले जाते की, आधी अर्थव्यवस्था सावरू द्या. घटनेचे नंतर पाहू. हा युक्तिवाद वरवर व्यवहारी दिसतो, परंतु इतिहास त्याच्या विरुद्ध आहे. सत्तेच्या पहिल्या उमेदीत जे अधिकार सोडले जात नाहीत, ते लोकप्रियता ओसरल्यावर सोडले जात नाहीत. शिवाय श्रीलंकेची आर्थिक आपत्ती आणि तेथील अनिर्बंध राष्ट्राध्यक्षपद ही दोन वेगळी दुखणी नव्हेत. करकपात असो की खतबंदी, दोन्ही निर्णय संसदेत, मंत्रिमंडळात वा तज्ज्ञांच्या चर्चेत नीट तावूनसुलाखून निघाले असते, तर कदाचित ते त्या स्वरूपात झालेच नसते. ज्या यंत्रणेत एका माणसाची चूक साऱ्या राष्ट्राची चूक होते, त्या यंत्रणेत चांगला माणूस बसवला म्हणून ती चांगली होत नाही.

दिसानायके प्रामाणिक आहेत, साधे आहेत, शेतकरी कुटुंबातून आलेले आहेत. या गुणांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण राष्ट्राध्यक्षाला जोखावयाचे ते गुणांवरून नव्हे, तर तो जाताना मागे काय ठेवतो त्यावरून. २०२८ चे हप्ते सुरू होतील, तेव्हा त्यांचा भार श्रीमंतांच्या करांतून वाहिला जातो की मजुराच्या साबणाच्या वडीतून, आणि २०२९ मध्ये पुढील निवडणूक येईल, तेव्हा त्या खुर्चीचे अधिकार आजच्याइतकेच असतात की कमी झालेले असतात, या दोन उत्तरांवर त्यांची कारकीर्द ठरेल. पहिल्या प्रश्नात सावकारांचे हात गुंतलेले आहेत. दुसऱ्यासाठी मात्र नाणेनिधीची परवानगी लागत नाही. तेथे लागते ती केवळ संसदेची दोनतृतीयांश मते आणि जनतेचा सार्वमतातील कौल. पहिली गोष्ट त्यांच्यापाशी आहे. दुसरी मागण्याचे धैर्य त्यांनी लवकर दाखवावे.